उभ्या गाडीचे दुखणे

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. निफाडकडचा पारा घसरला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे छायाचित्र हमखास येते, त्या दिवसांतली. पहाटे तीनच्या सुमारास हिने मला हलवून जागे केले. दमा हिला जुना आहे, त्यामुळे रात्री-अपरात्री उठून बसणे आम्हाला नवे नाही. पण त्या रात्री पंपाचे चार फवारे झाले, वाफ घेऊन झाली, तरी श्वास आवरेना. बोलायलाही येत नव्हते. “चला,” एवढेच ती कशीबशी म्हणाली.

मी तिला शालीत गुंडाळून लिफ्टने खाली आणले, गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. कट्-कट्-कट् असा आवाज झाला. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. पुन्हा फिरवली, या वेळी तोही आवाज नाही. वॉचमन धावत आला. आम्ही दोघांनी गाडी ढकलून पाहिली, पण पार्किंगची जमीन सपाट, गाडी खांबांच्या मधे अडकलेली, आणि ढकलणाऱ्यांतला एक साठी ओलांडलेला. शेवटी पंचवटीच्या मार्केट यार्डाकडे कोथिंबीर घेऊन निघालेला एक पिकअप वॉचमनने रस्त्यात उभे राहून थांबवला. त्या पोराने एक शब्द न विचारता पुढची सीट रिकामी करून दिली. दवाखान्याच्या दारात उतरल्यावर मी खिशात हात घातला तर म्हणाला, “काका, आधी काकूंना आत न्या.” आणि निघून गेला. त्याचे नावही विचारायचे राहिले.

ऑक्सिजन लागला, नेब्युलायझर लागला, आणि सकाळी सातच्या सुमारास हिला बरे वाटले. चहा घेता घेता तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे: “अहो, आपण गाडी अडीअडचणीला म्हणूनच ठेवली होती ना?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर त्याहून अवघड प्रश्न तिने विचारला नाही, तो मीच नंतर स्वतःला विचारला. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून आहे. तो क्रमांक मला पाठ होता. मग मी फोन का केला नाही? तर दारात गाडी होती म्हणून! गाडी नसती तर मी पहिल्या मिनिटाला १०८ फिरवला असता. दारातल्या गाडीने मला दवाखान्यात नेले नाहीच, वर दुसरा रस्ताही सुचू दिला नाही. आता तो क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवला आहे. वाचकांनीही लावावा, गाडी असली तरी लावावा.

गाडीविषयी थोडे सांगायला हवे. २०१७ मध्ये मी बँकेत असतानाच ती घेतली. तेव्हा रोज कामावर जाणे-येणे होते, शनिवार-रविवारी वणी, कधी सिन्नरला मेव्हणीकडे. मग मुलगा परदेशी गेला, मी निवृत्त झालो आणि पाठोपाठ मार्च २०२०ची टाळेबंदी आली. गाडी उभी राहिली ती जवळजवळ उभीच राहिली. किराणा कोपऱ्यावर मिळतो, कॉलेज रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षा हाकेवर आहे. वर्षाला आठ-नऊशे किलोमीटर म्हणजे फार झाले. नाशिकच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरून पाहा, कापडाच्या खोळीत झाकलेल्या, चाकांना जाळी लागलेल्या अशा दोन-चार गाड्या दिसतील. ज्या गावात बोलेरो आणि स्कॉर्पिओ तयार होतात, त्या गावात न चालणाऱ्या गाड्याही काही थोड्या नाहीत.

पण मी काही निष्काळजी माणूस नव्हे. दर रविवारी सकाळी खाली जाऊन खोळ काढायची, काच पुसायची, गाडी चालू करून पाच मिनिटे जागच्या जागी ठेवायची, असा माझा नेम होता. एसी लावून पाहायचा म्हणजे गॅस राहतो, असे कोणी तरी सांगितले होते. रेडिओवर जुनी गाणी ऐकायची. पाच मिनिटांनी किल्ली काढून, कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात वर येऊन पोहे खायचे. तरीही बॅटरी उतरली कशी, हे मला कळेना.

ते कळले दुसऱ्या दिवशी. द्वारकेकडून आलेल्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीला मीटर लावला, माझी रविवारची हकीकत ऐकून घेतली आणि हसला. “काका, पाच मिनिटांत मोबाइल तरी चार्ज होतो का?”

मग त्याने समजावले आणि मी त्याचा हिशेब मांडला. आकडे दिसले की बँकेतल्या माणसाचा हात थांबत नाही. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. किल्ली काढली तरी गाडी पूर्ण झोपत नाही. घड्याळ, चोराची घंटा, दारांचे रिमोट कुलूप, इंजिनचा संगणक यांना थेंबथेंब वीज लागतेच. धडधाकट गाडीत ती २० ते ५० मिलिअँपिअर धरावी. ३० धरली तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या जरा आत, आठवड्याला पाच. बॅटरी अर्ध्यावर आली की इंजिन फिरवायला ती का-कू करू लागते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा तीन-साडेतीन आठवड्यांत अर्धी होते. जुनी असेल तर त्याच्याही आत. आणि डिकीचे झाकण नीट न लागून आतला पाच वॅटचा दिवा चालू राहिला, तर अवघ्या दोन दिवसांत सगळे संपते.

आता जमेची बाजू. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअरचा झटका बसतो, पण तो दोन-तीन सेकंदांचा. तो खर्च किरकोळ आहे. खरी मेख पुढे आहे. इंजिन नुसते जागेवर घुरघुरत असताना अल्टरनेटर पुरेशा वेगाने फिरत नाही. जी काही वीज होते त्यातली बरीचशी एसीचा पंखा, रेडिओ आणि इंजिन स्वतःच खाते. पाच मिनिटांत बॅटरीच्या पदरात पडत असेल तर जेमतेम एखादा अँपिअर-अवर. खर्च पाच, भरणा एक! दर रविवारी मी पासबुक भरून घेतोय या समजुतीत होतो आणि खाते महिन्यागणिक रिकामे होत होते. शिवाय इंजिन पुरते तापतही नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये ओल धरते ती वेगळीच. गाडी रस्त्यावर काढून अर्धा-पाऊण तास चालवली, तरच बॅटरीत काही धड जमा होते.

बँकेत आमच्याकडे निष्क्रिय खाती असत. ग्राहकाने दोन वर्षे स्वतः एकही व्यवहार केला नाही की बचत खाते त्या यादीत जाते. दहा वर्षे तसेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या २०१४ साली सुरू झालेल्या निधीकडे वर्ग होते. मागता येते, पण कागदपत्रे जुळवता जुळवता वारसांची दमछाक होते. “साहेब, अडचणीला असावेत म्हणून हातच लावला नाही,” असे सांगणारी म्हातारी माणसे मी काउंटरच्या अलीकडून कितीदा पाहिली असतील! मनातल्या मनात हसलोही असेन. माझ्याच पार्किंगमध्ये तसले एक खाते उभे आहे, हे कधी ध्यानात आले नाही.

फरक एवढाच की बँकेतली रक्कम पडून राहिल्याने कुजत नाही, बॅटरी कुजते. शिशाचे पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल हा तिचा सारा संसार. गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये तो मांडला आणि मूळ बेत अजून तोच आहे. वीज काढली की पत्र्यांवर शिशाचे सल्फेट बसते, भरली की ते विरघळते. पण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली, तर त्या सल्फेटचे कडक स्फटिक बनतात आणि मग ते पुरते विरघळत नाहीत. म्हणून एकदा तळाशी गेलेली बॅटरी पुन्हा भरली तरी पहिल्यासारखी राहत नाही. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी रोज उतरते-चढते, मग हिलाच काय झाले, असे कोणी विचारील. भारनियमनाच्या दिवसांत आपण सगळेच इन्व्हर्टरचे जाणकार झालो होतो! पण ती जात निराळी. तिचे पत्रे जाड, हळूहळू वीज देत राहणारे. गाडीचे पत्रे पातळ आणि पुष्कळ. एका झटक्यात मोठा जोर लावायचा आणि लगेच भरून घ्यायचे, एवढ्याचसाठी घडवलेले.

दोष थंडीलाच द्यावा असे मला वाटत होते. तेही अर्धेच खरे निघाले. थंडीत रसायनांची क्रिया मंदावते, इंजिनचे तेल घट्ट होते, सेल्फला जोर जास्त लागतो. म्हणून बॅटरी दगा देते ती डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. पण तिचे आयुष्य खाल्लेले असते एप्रिल-मेच्या उन्हाने. उष्णतेने आतली झीज वाढते आणि नुसते बसून वीज गळण्याचे प्रमाणही वाढते. उघड्यावर उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर मे महिन्यात तिच्याकडे अधिक लक्ष द्यायचे.

आमच्या उमेदीच्या काळात हे दुखणे असे जीवघेणे नव्हते. नोकरीच्या सुरुवातीला मी कळवण भागातल्या एका शाखेत शेतीकर्जांचे काम पाहत असे. शाखेला एक जीप होती. आमचे ड्रायव्हरबाबा ती कधीही सपाटीवर उभी करत नसत. पाड्यावर पोचलो की आधी उतार शोधायचा, गाडीचे तोंड उताराकडे करायचे, चाकाखाली दगड लावायचा, मग साहेबांनी वसुलीला जायचे. परतताना दगड काढला, जीप घरंगळली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की झाले. उतार नसला तर हॅण्डल होते. जुन्या ॲम्बॅसॅडर आणि फियाटलाही ते असे. हॅण्डल उलट फिरून मनगट मोडल्याच्या कथा तेव्हा ऐकू येत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला, तो याच हॅण्डलच्या जाचातून सुटका करायला. सुटका झाली खरी. पण हळूहळू हॅण्डल गेले, आणि स्वयंचलित गिअरच्या गाड्यांतून धक्का-स्टार्टही गेला. गिअरच्या नव्या गाडीलासुद्धा, बॅटरी पार मेलेली असेल तर, धक्का मारून उपयोग होत नाही. पेट्रोलचा पंप आणि ठिणगी दोन्ही विजेवरच चालतात. त्या रात्री मी आणि वॉचमन व्यर्थच घाम गाळत होतो.

टाळेबंदीत हे दुखणे एकदम साथीसारखे पसरले. २५ मार्च २०२० पासून गाड्या जागेवर खिळल्या. पुढे निर्बंध सैल झाले तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या अकरापैकी सात गाड्यांनी मान टाकली होती. एका बिऱ्हाडाच्या गाडीतली वायर उंदरांनी कुरतडली होती, तो खर्च निराळा. इतके होऊनही मी धडा घेतला तो पाच मिनिटांच्या रविवारचा, म्हणजे चुकीचाच.

मग करायचे काय? सगळ्यांत सोपे आणि गाडीला मानवणारे म्हणजे आठवड्यातून एकदा ती चालवणे. चौकाचौकांत थांबत नव्हे, मोकळ्या रस्त्याने सलग अर्धा-पाऊण तास.

महिनाभर परगावी किंवा मुलांकडे जायचे असेल, तर बॅटरीची वजा खूण असलेली वायर सोडून ठेवावी. बहुतेक लहान गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. सोडताना आधी वजा, मग गरज असली तरच अधिक. जोडताना आधी अधिक, शेवटी वजा. हा क्रम पाठ करून ठेवावा, कारण उलट केले आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. हातातली अंगठी, कडे, बांगडी आधी काढून ठेवायची. वायर सोडल्यावर घड्याळ आणि रेडिओची आठवण पुसली जाते, त्याचे दुःख नको. मात्र किल्ली आत ठेवून दार लावू नये, आणि डिकी विजेवर उघडणारी असेल तर पाना डिकीत ठेवण्याचा शहाणपणा करू नये. मी केला आहे.

ज्यांच्या पार्किंगमध्ये प्लग आहे त्यांच्यासाठी बॅटरी भरली की आपोआप थांबणारे आणि पुढे ती भरलेली राखणारे छोटे चार्जर मिळतात. वीज अगदी थोडी लागते. पण प्लग सोसायटीच्या सामाईक मीटरवर असेल तर सावधान! आमच्याकडे या विषयावर सर्वसाधारण सभेत सव्वा तास चर्चा झाली आणि महिन्याला काही रुपयांच्या विजेसाठी तीन जुनी भांडणे वर आली. हल्ली विजेवरच्या गाड्या आल्यामुळे प्लगची मागणी करणाऱ्यांचे बळ वाढले आहे. गंमत अशी की त्या गाड्यांतही आपली जुनी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बहुधा असतेच, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीला लावून पाहायचा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवे. त्याहून कमी दिसले तर दुखणे बॅटरीचे नसून अल्टरनेटरचे. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर वायर सोडून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसावी, कोरडी झाल्यावर जोडून वरून व्हॅसलिनचे बोट फिरवावे. बॅटरीची झाकणे उघडणारी असली तर त्यात फक्त डिस्टिल्ड पाणी, नळाचे नव्हे. आणि काढलेली बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, ही समजूत जुन्या रबरी डब्यांच्या काळातली आहे. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचे काही सोयरसुतक नाही.

इतके करूनही एखादे दिवशी उतरलीच, तर शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या वजाला, आणि तिचे दुसरे टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो म्हणून ही खबरदारी. मग शेजाऱ्याची गाडी चालू करून पाच-दहा मिनिटे थांबायचे आणि आपली किल्ली फिरवायची. काढताना उलट क्रमाने. मुलाने परदेशातून खिशात मावणारा एक जंप-स्टार्टर पाठवला आहे. चीज उत्तम आहे. पण तीन-चार महिन्यांनी त्याचीही बॅटरी उतरते, ती भरायची आठवण ठेवावी लागते.

बॅटरीचे एकूण आयुष्य चार-पाच वर्षांचे. माझी पहिलीच, सहा-सात वर्षांची होती; म्हणजे दोष सगळा रविवारच्या पाच मिनिटांचाही नव्हता. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यायची, किमतीत सूट मिळते. भंगारवाल्याला देऊ नये, कारण आतले शिसे आणि आम्ल गटारात जाते. ती परत घेण्याचा नियम २००१ पासून आहे आणि २०२२ मध्ये तो नव्याने केला आहे.

आता राहिला मुलाचा प्रश्न. “बाबा, गाडी विकून टाका ना,” तो दर महिन्याला सांगतो. हिशेबाने त्याचेच बरोबर आहे, हे मला कबूल केले पाहिजे. विम्याचा हप्ता, पी.यू.सी., सर्व्हिसिंग, नवी बॅटरी, गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत हे सगळे मांडून मी आठशे किलोमीटरांनी भागले, तेव्हा तेवढ्यात दर वेळी टॅक्सीने फिरून वर पैसे उरले असते. पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठीची तपासणी आहेच. ज्यांचे डोळे, गुडघे किंवा धीर साथ देत नाही, त्यांनी खरोखरच विकावी. न चालणारी गाडी भावनेपोटी ठेवण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ते हिच्याजवळ बोलूनही दाखवले.

ही म्हणाली, “मग चालवा की.”

तेव्हापासून रविवारी सकाळी सातला आम्ही निघतो. गंगापूर रोडने सोमेश्वर मागे टाकले की रस्ता मोकळा होतो. धरणाच्या बाजूने पुढे जाऊन वळायचे आणि येताना मिसळीला थांबायचे. नाशिकात रविवारी मिसळीला थांबायला कारण लागत नाही, आमच्याकडे तर बॅटरीचेच आहे. हिला रस्सा बेताने घ्यायला सांगितलेले आहे, ती घेत नाही. पंप तिच्या पर्समध्ये असतो आणि एक जास्तीचा गाडीच्या कप्प्यात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मीटर लावून आकडा वहीत लिहितो. गेल्या महिन्यात १२.५ होता. तिने वही पाहिली आणि विचारले, “हे माझं काही आहे का?”